कागदी औषधचिठ्ठी आणि सार्वजनिक रुग्णालयांतील संगणक : ठाणे-नवी मुंबईतील रुग्ण व नातेवाइकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका सार्वजनिक रुग्णालयाच्या औषधखिडकीच्या आत मी बरीच वर्षे औषधनिर्माती म्हणून काम केले. निवृत्तीनंतर आता त्याच प्रकारच्या खिडक्यांच्या बाहेर, शेजारपाजारच्या वयस्कर मंडळींसोबत, मी रांगेत उभी असते. आत असताना जे प्रश्न कानावर पडत, पण मागे रांग वाढत असल्यामुळे ज्यांना नीट उत्तर देता येत नसे, तेच प्रश्न आता रांगेत उभ्या असलेल्या माणसांकडून मला सावकाश विचारले जातात. ठाणे, कळवा, मुंब्रा, ऐरोली, वाशी, नेरूळ या पट्ट्यात महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयांत उपचार घेणाऱ्यांसाठी ती उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

केसपेपर तर संगणकावर निघतो. मग डॉक्टर औषधे अजून हातानेच का लिहितात?

कारण या दोन कामांच्या अवघडपणात मोठा फरक आहे. केसपेपर काढताना नाव, वय, पत्ता आणि कोणत्या विभागात जायचे एवढेच भरावे लागते आणि ते काम एका खिडकीवर बसलेला एक कर्मचारी करतो. औषधचिठ्ठी संगणकावर काढायची म्हटली, तर बाह्यरुग्ण विभागातल्या प्रत्येक डॉक्टरसमोर स्वतंत्र संगणक लागतो, जवळ चालू स्थितीतला प्रिंटर लागतो, न तुटणारे नेटवर्क लागते, रुग्णालयाच्या औषधांची अद्ययावत यादी त्या पडद्यावर असावी लागते आणि प्रत्येक डॉक्टरला स्वतःच्या नावाने लॉगिन असावे लागते. प्रत्यक्षात एका टेबलाभोवती तीन-चार डॉक्टर बसलेले असतात, शिकाऊ डॉक्टर दर काही महिन्यांनी बदलतात आणि एका रुग्णाच्या वाट्याला मोजकीच मिनिटे येतात. अशा ठिकाणी पेनच सर्वांत वेगवान ठरते, हे मान्य करायला हवे.

तरीही केवळ खर्च आणि गर्दी एवढ्यावर हे उत्तर संपवणे मला पटत नाही. किती रुग्ण आले हा आकडा वरच्या कार्यालयाला रोज हवा असतो, म्हणून नोंदणी आधी संगणकावर गेली. रुग्णाला कोणते औषध किती मात्रेत लिहून दिले, हे मात्र वरून कोणी रोज विचारत नाही. ज्या गोष्टीचा हिशेब मागितला जातो तीच आधी सुधारते आणि औषधचिठ्ठी इतकी वर्षे मागे राहण्याचे खरे कारण मला यातच दिसते.

अक्षर लागत नाही ही तक्रार जुनीच आहे. त्यातून खरोखर धोका होतो का?

होतो, आणि तो अनेकदा कोणाच्या लक्षातही येत नाही. थायरॉईड वाढल्यास देतात ते कार्बिमाझोल आणि फिट येणाऱ्या रुग्णाला देतात ते कार्बामाझेपिन, ही दोन नावे घाईत लिहिली की जवळजवळ सारखीच दिसतात. दोन्ही गोळ्या सरकारी रुग्णालयांत नेहमीच्या वापरातल्या आहेत. मी नोकरीत असताना एकदा अशीच एक चिठ्ठी माझ्या हातात आली. पुढे काही अक्षरे आणि मग एक लांब रेघ होती. मी कार्बामाझेपिनच्या खणाकडे वळले आणि सवयीने विचारले, "फिट कधीपासून येतात, ताई?" त्या म्हणाल्या, "मला कुठे फिट येतात? माझ्या गळ्याचं आहे." त्या एका प्रश्नामुळे चूक टळली. मागे शंभर माणसे उभी असताना प्रत्येकाला तो प्रश्न विचारला जाईलच, अशी हमी मी तेव्हा देऊ शकत नव्हते आणि आज कोणी देऊ शकेल असे मला वाटत नाही.

मात्रेच्या चुका याहून घातक असतात. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना आधीचे शून्य गाळून नुसता बिंदू आणि पाच लिहिले, तर पुसट बिंदूमुळे ते पाच वाचले जाते, म्हणजे मात्रा दहापट होते. इन्सुलिनच्या एककांसाठी आकड्यापुढे इंग्रजी 'यू' अक्षर काढण्याची पद्धत आहे. ते अक्षर वरून मिटले की शून्यासारखे दिसते आणि चारचे चाळीस होतात. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. 'आठवड्यातून' हा शब्द वाचला गेला नाही आणि ती गोळी रोज घेतली गेली, तर तोंडात व्रण पडण्यापासून रक्तपेशी घटण्यापर्यंत त्रास होतो आणि त्यात जगभर मृत्यूही झाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांच्या चुकांमुळे होणारे नुकसान कमी करण्याची जागतिक मोहीम सुरू केली, ती अशाच प्रकारच्या टाळता येण्याजोग्या चुकांसाठी.

डॉक्टरने वाचता येईल असे लिहिलेच पाहिजे, असा काही नियम आहे का?

आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारासंबंधीचे विनियम २००२ चे आहेत आणि त्यांत २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार डॉक्टरने औषधाचे जेनेरिक नाव, म्हणजे कंपनीने दिलेल्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव, सुवाच्य अक्षरात आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत लिहावे, असे स्पष्ट म्हटले आहे. त्या जागी २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे विनियम आले होते, परंतु त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली आणि जुनेच विनियम पुन्हा लागू झाले. औषध नियमांनुसार चिठ्ठीवर तारीख, डॉक्टरची सही, रुग्णाचे नाव व पत्ता, औषधाचे एकूण प्रमाण आणि घेण्याची मात्रा असणे आवश्यक आहे. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका प्रकरणात न वाचता येणारा वैद्यकीय अहवाल पाहून असे म्हटले की, वाचता येईल असे निदान व औषधचिठ्ठी मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तो आदेश त्या न्यायालयाच्या कार्यक्षेत्रातला असला, तरी त्यामागचा विचार कळव्याच्या किंवा वाशीच्या रुग्णाला तितकाच लागू पडतो.

नियम दाखवून भांडण्यापेक्षा टेबलावरून उठण्याआधी एवढेच म्हणावे : "डॉक्टर, औषधाचं नाव तेवढं मोठ्या अक्षरांत लिहाल का? घरी वाचून देणारं कोणी नाही." बहुतेक डॉक्टर लिहून देतात. ते शक्य झाले नाही, तर खिडकीवर औषध घेताना प्रत्येक गोळी कशासाठी आहे हे विचारावे आणि औषधनिर्मात्याने सांगितलेला आजार आपल्या आजाराशी जुळतो की नाही, हे तिथेच पाहावे.

चिठ्ठीवरच्या ओडी, बीडी, टीडीएस या खुणांचा अर्थ काय?

ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा आणि क्यूआयडी म्हणजे चारदा. एचएस म्हणजे रात्री झोपताना, एसओएस म्हणजे त्रास झाला तरच, एसी म्हणजे जेवणाआधी आणि पीसी म्हणजे जेवणानंतर. १-०-१ असे लिहिले असल्यास सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ही शेवटची पद्धत मला सर्वांत चांगली वाटते, कारण ती अक्षरओळख बेताची असलेल्या माणसालाही कळते.

डॉक्टरने लिहिलेले औषध खिडकीवर नसतेच. डॉक्टरांना हे माहीत नसते का?

पुष्कळदा खरोखरच माहीत नसते आणि माझ्या मते साऱ्या अडचणीचे मूळ इथेच आहे.

राज्याच्या आरोग्य यंत्रणेत औषधसाठ्यासाठी ई-औषधी नावाची संगणक प्रणाली वापरली जाते. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने ती तयार केली आहे. कोणत्या भांडारात कोणते औषध किती आहे, त्याची मुदत कधी संपते, कोणत्या आरोग्य केंद्राला किती पाठवले, हे तिच्यात नोंदले जाते. महापालिकांच्या रुग्णालयांतही साठ्याची नोंद या ना त्या स्वरूपात ठेवली जातेच. पण ही नोंद भांडारात राहते. पहिल्या मजल्यावर तपासणाऱ्या डॉक्टरसमोर कोरा कागद असतो आणि मधुमेहाचे मेटफॉर्मिन काल संपले, किंवा रक्तदाबाचे ॲम्लोडिपिन पाचऐवजी अडीच मिलिग्रॅमचेच आले आहे, ही माहिती त्या कागदावर उमटत नाही. मग रुग्ण चिठ्ठी घेऊन खाली येतो, रांगेत उभा राहतो, नंबर लागल्यावर "हे नाही, बाहेरून घ्या" किंवा "डॉक्टरांकडून बदलून आणा" असे ऐकतो, पुन्हा वर जातो, आणि तोवर बाह्यरुग्ण विभागाची वेळ संपलेली असते.

माझ्या शेजारच्या काकूंबरोबर मी एकदा अशीच तीन फेऱ्या मारल्या. रक्तदाबाच्या एका गोळीसाठी सकाळी साडेआठला सुरू झालेली ती वारी दीड वाजता दुकानातून पैसे देऊन गोळ्या घेण्यावर थांबली. त्या दिवशी वर आणि खाली दोन्हीकडे संगणक चालू होता. वरच्या टेबलाला खालच्या खणात काय आहे हे सांगण्याची सोय तेवढी नव्हती.

म्हणून 'औषध नाही' असे सांगितले गेल्यास आधी दोन प्रश्न विचारावेत : हेच औषध दुसऱ्या मात्रेत आहे का, आणि याच गटातले दुसरे औषध खिडकीवर आहे का. पाच मिलिग्रॅमची गोळी नसेल, तर अडीचच्या दोन घेऊन काम भागते, पण तसे चिठ्ठीवर डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. खिडकीवर तोंडी ठरवलेल्या बदलावर विसंबू नये. गटातले दुसरे औषध तर डॉक्टरांनी बदलून दिल्याशिवाय घेऊच नये. बाहेरून घेण्याची वेळ आलीच, तर जेनेरिक नावावरून जनऔषधी केंद्रात आधी चौकशी करावी.

खिडकीवर गोळ्यांची पट्टी कापून देतात. त्यावर नावच राहत नाही. काय करावे?

दहाच्या पट्टीतून सहा गोळ्या द्यायच्या असल्या की पट्टी कापावी लागते आणि पुष्कळदा नाव व मुदत छापलेला भाग खिडकीच्या आत राहतो. घरी गेल्यावर तीन प्रकारच्या पांढऱ्या गोळ्या हातात असतात आणि चिठ्ठीवरचे अक्षर लागत नाही. खिडकीवरच फोनने पूर्ण पट्टीचा फोटो काढू देण्याची विनंती करावी, किंवा प्रत्येक गोळी वेगळ्या कागदी पाकिटात घालून त्यावर नाव आणि वेळ लिहून घ्यावी. मी आत असताना पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देत असे. सकाळची गोळी कोणती आणि रात्रीची कोणती, हे न वाचता येणाऱ्या आजीलाही त्यातून समजे.

एका रुग्णालयातली नोंद दुसऱ्या रुग्णालयाच्या संगणकावर का दिसत नाही? दोन्ही सरकारीच आहेत ना?

आपण ज्यांना सरसकट 'सरकारी' म्हणतो त्या रुग्णालयांचे मालक वेगवेगळे आहेत. ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे 'सिव्हिल', राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे आहे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचे आहे. वाशीचे सार्वजनिक रुग्णालय, ऐरोलीचे राजमाता जिजाऊ आणि नेरूळचे मीनाताई ठाकरे ही रुग्णालये नवी मुंबई महापालिका चालवते. पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय पुन्हा राज्याकडे, पण जिल्हा रायगड. कारखान्यातल्या कामगारांची विमा रुग्णालये वेगळ्या योजनेखाली येतात. तिथून मुंबईला पाठवले, तर जे. जे. रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे आणि केईएम व सायन मुंबई महापालिकेची. यांपैकी प्रत्येकाने संगणक प्रणाली आपापल्या निविदेने, आपापल्या काळात घेतली. दिघ्यात राहणारा माणूस कळव्याला गेला काय आणि ऐरोलीला गेला काय, त्याच्या दृष्टीने अंतर सारखेच. पण त्याची नोंद महापालिकेची हद्द ओलांडत नाही.

याच फरकामुळे केसपेपरच्या पैशांबाबतही गोंधळ होतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क केले. तो निर्णय महापालिकांच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना आपोआप लागू नाही. तिथले शुल्क ती ती संस्था ठरवते.

या साऱ्या प्रणालींनी एकमेकींशी बोलावे म्हणून देशात नियम नाहीत असे नाही. वैद्यकीय नोंदी कशा स्वरूपात ठेवाव्यात याची मानके केंद्राने २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. आजारांच्या आणि तपासण्यांच्या नावांसाठी एकच आंतरराष्ट्रीय शब्दकोश भारतात विनामूल्य वापरता येतो. अडचण अशी की कागदावर मानक असणे आणि निविदेत त्याची अट घालून ती पाळली गेली की नाही हे तपासणे, यांत बरीच वर्षे निघून जातात. त्या वर्षांत रुग्णाची फाईल हीच एका रुग्णालयाला दुसऱ्याशी जोडणारी एकमेव गोष्ट असते. शहापूर-मुरबाडकडून कळव्याला पाठवलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाने ती फाईल गाडीत विसरली, की सगळ्या तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात.

आभा कार्ड काढले की सगळे कागद त्यात येतात ना? आणि आभा व आयुष्मान कार्ड एकच का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे आहे. आयुष्मान कार्ड हे विमा योजनेचे आहे. पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार त्यातून मिळतात. आभा हा १४ अंकी आरोग्य ओळख क्रमांक आहे आणि त्यातून एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा तो भाग आहे. दोन्हींच्या नावांत साम्य असल्यामुळे रांगेत लोक आभाचा कागद पुढे करून शस्त्रक्रियेचे पैसे माफ होण्याची वाट पाहतात, हे मी स्वतः पाहिले आहे आणि त्यात त्यांचा काहीच दोष नाही.

आभा क्रमांक म्हणजे सगळे अहवाल साठवलेली तिजोरीही नव्हे. नोंदी ज्या त्या रुग्णालयातच राहतात. हा क्रमांक त्यांना जोडणारा धागा आहे आणि रुग्णाने संमती दिल्यावर त्या दुसऱ्या डॉक्टरला दिसू शकतात. त्यासाठी पहिल्या रुग्णालयाने ती नोंद मुळात संगणकावर केलेली असावी लागते आणि ती या क्रमांकाशी जोडलेली असावी लागते. हाताने लिहिलेली चिठ्ठी त्यात आपोआप जात नाही. क्रमांक काढणे ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. तरीही काढून ठेवावा असे माझे मत आहे, कारण तपासणी अहवाल हळूहळू त्यात येऊ लागतात तेव्हा मधुमेहासारख्या वर्षानुवर्षांच्या आजारात त्याचा उपयोग होतो.

दारावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की रांग टळते का?

नोंदणीची रांग कमी होते. आभाच्या ॲपने कोड स्कॅन केल्यावर नाव, वय, पत्ता खिडकीकडे जातो आणि टोकन मिळते. डॉक्टरांची, रक्त तपासणीची आणि औषधांची रांग मात्र आहे तशीच राहते. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी खिडकी चालू ठेवणे हे रुग्णालयाचे कामच आहे.

'सर्व्हर डाऊन आहे' असे सांगून परत पाठवले तर?

परत जाऊ नये. यंत्रणा बंद पडल्यावर हाताने केसपेपर देण्याची सोय प्रत्येक रुग्णालयात असायला हवी आणि बहुतेक ठिकाणी ती असतेही. नम्रपणे तशी मागणी करावी, आणि नाहीच ऐकले तर वैद्यकीय अधीक्षकांच्या कार्यालयात जावे. यंत्रणा बंद पडण्याचा याहून मोठा अनुभव राज्याने २०२२ मध्ये घेतला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अनेक वर्षे चाललेली संगणक प्रणाली त्या वर्षी थांबली आणि मोठमोठी रुग्णालये पुन्हा हाताने लिहिलेल्या कागदावर आली. जुन्या नोंदी पाहणेही अवघड झाले. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-हॉस्पिटल प्रणालीकडे ती रुग्णालये वळली. यातून रुग्णाने घ्यायचा बोध एवढाच की, आपल्या अहवालाची एक प्रत आपल्याकडे नेहमी असावी.

डॉक्टर आणि परिचारिकाच संगणकाला विरोध करतात, असे म्हणतात. हे खरे आहे का?

मला हा आरोप अन्यायकारक वाटतो. एखाद्या नागरी आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेचा दिवस पाहा. क्षयरुग्णाची माहिती निक्षय पोर्टलवर, गरोदर मातेची दुसऱ्या पोर्टलवर, लसीकरणाची तिसऱ्यावर, रक्तदाब-मधुमेहाची चौथ्यावर आणि हे सगळे पुन्हा जाडजूड रजिस्टरांत. संगणक आला म्हणून रजिस्टर बंद झाले नाही, कारण तपासणीला येणारे अधिकारी रजिस्टरच मागतात. एकच नाव आणि एकच वय दिवसातून चार ठिकाणी लिहिणाऱ्या माणसाला पाचवी प्रणाली नकोशी वाटली, तर तो आळस नव्हे. नव्या प्रणालीबरोबर कोणते जुने रजिस्टर त्याच दिवशी बंद होणार, याचा लेखी आदेश निघाला तर हेच कर्मचारी ती आनंदाने वापरतील, हे मी खात्रीने सांगते, कारण मीही त्यांच्यातलीच एक होते.

इतर देशांत हे कसे झाले?

एस्टोनियात २०१० पासून डॉक्टर औषधे संगणकावर नोंदवतात आणि रुग्ण ओळखपत्र दाखवून कोणत्याही औषध दुकानातून ती घेतो. तो देश आकाराने आणि लोकसंख्येने लहान आहे, त्यामुळे तुलना जपून करावी. ब्रिटनने २००२ मध्ये संपूर्ण इंग्लंडच्या आरोग्य नोंदी एकाच वेळी संगणकावर आणण्याचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला आणि २०११ मध्ये तो मोडीत काढल्याचे जाहीर केले. त्याच काळात सुरू झालेली औषधचिठ्ठी थेट दुकानाला पाठवण्याची सेवा मात्र टिकली आणि वाढली. लहान, रोजच्या उपयोगाचे काम आधी हाती घेणे शहाणपणाचे, असे मला त्यातून वाटते.

मोबाइलवर आलेली चिठ्ठी किंवा चिठ्ठीचा फोटो औषध दुकानात चालतो का?

मार्च २०२० मध्ये आलेल्या दूरवैद्यक (फोन किंवा व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा डिजिटल चिठ्ठी रुग्णाला पाठवू शकतात. ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेवरून घेतलेल्या सल्ल्यानंतर मिळणारी चिठ्ठी याच प्रकारची असते. झोपेच्या व गुंगीच्या काही औषधांना मात्र कडक नियम आहेत. त्यांपैकी काहींसाठी चिठ्ठीच्या दोन मूळ प्रती लागतात आणि ती दूरवैद्यकातून लिहिता येत नाहीत. काही प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे देताना दुकानदाराला रुग्णाचे व डॉक्टरचे नाव नोंदवहीत लिहावे लागते, त्यामुळे त्याने मूळ चिठ्ठी मागितली तर राग मानू नये. कुटुंबाच्या मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चिठ्ठीचा फोटो टाकू नये. आजार ही खासगी माहिती आहे.

भरती असतानाचे कागद हरवले. रुग्णालयाकडून पुन्हा मिळतील का?

भरती रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांत देणे, हे वर उल्लेखिलेल्या २००२ च्या विनियमांतच आहे. नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून त्या संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असेही त्यात तेव्हाच लिहिले होते. अर्ज लेखी द्यावा, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा आणि भरतीची तारीख व आंतररुग्ण क्रमांक आठवत असल्यास लिहावा, कारण अभिलेख कक्षात गठ्ठे तारखेने लावलेले असतात. दाद लागली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. त्याची मुदत ३० दिवस आहे. बाह्यरुग्ण विभागातली चिठ्ठी मात्र रुग्णालय सहसा ठेवत नाही. ती हरवली की हरवली.

आम्ही नागरिकांनी महापालिकेकडे नेमके काय मागावे?

'रुग्णालय डिजिटल करा' अशी मोघम मागणी करू नये; तिच्यावर मोघमच उत्तर मिळते. माझी सूचना अशी की सुरुवात औषधखिडकीपासून करण्याची मागणी करावी. आज खिडकीवर कोणती औषधे आहेत आणि कोणती संपली आहेत, याची एका पानाची यादी रोज सकाळी प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर जावी. त्याला संगणकही लागत नाही, एक छापील कागद पुरतो. तीच यादी रुग्णांना दिसेल अशी फलकावर लावावी. त्यानंतर मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, फिट आणि दमा या महिन्यामागून महिना त्याच गोळ्या घेणाऱ्या रुग्णांच्या चिठ्ठ्या आधी छापील कराव्यात, कारण त्या दर वेळी नव्याने लिहिण्याचे कारणच नाही. डॉक्टरने तपासून फक्त बदल करायचा असतो. एवढे झाले तरी गर्दीचा मोठा भाग हलका होईल आणि वेळ नव्या रुग्णांना मिळेल. वॉर्डातल्या नगरसेवकाकडे, आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि वैद्यकीय अधीक्षकांकडे एकच मजकूर लेखी द्यावा.

तोपर्यंत घरी फाईल कशी ठेवावी?

साधी प्लास्टिकची बटणाची फाईल पुरते, पावसाळ्यात ठाणे स्थानकातून रिक्षापर्यंत जाताना ती भिजत नाही. चिठ्ठ्या तारखेप्रमाणे, नवी सर्वांत वर. चिठ्ठी मिळाली की त्याच दिवशी फोटो काढावा, कारण थर्मल कागदावरचे छापील अहवाल काही महिन्यांत पुसट होतात. सर्वांत पुढे स्वतःच्या हाताने एक पान लिहावे : सध्या चालू असलेली औषधे, प्रत्येकाची मात्रा आणि वेळ, ते कशासाठी आहे, कोणत्या डॉक्टरने कधी सुरू केले आणि आधीचे कोणते बंद केले. बंद केलेल्या औषधाची ओळ खोडावी, पण वाचता येईल अशीच खोडावी, म्हणजे दुसरा डॉक्टर तेच औषध नकळत पुन्हा सुरू करणार नाही. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा त्रास असल्यास तसे लिहावे, कारण त्यावरून मात्रा बदलते. पेनिसिलिन, सल्फा किंवा दुसऱ्या कोणत्याही औषधाची ॲलर्जी असल्यास ती त्या पानाच्या माथ्यावर लाल शाईने लिहावी आणि फाईल विसरली तरी हाताशी असावी म्हणून त्याच ओळीची चिठ्ठी पाकिटात, रेल्वेच्या पासाशेजारी ठेवावी.